पफ पॅनल

उणे अठरामध्ये मी रोज आठ तास असतो,
तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजात,
मटारच्या पोत्यांत, कोळंबीच्या खोक्यांत.
थंडीचं मला सांगू नकोस,
मोरेश्वरला फोनवर कितीदा म्हटलं असेन.
तो तिकडे नॉर्वेत जहाजांना वेल्डिंग मारायचा
आणि रविवारी लाटेवर उभा राहायचा.
काळा रबरी सूट, भुवयांवर बर्फ,
फोटोत नुकत्याच बाहेर आलेल्या पाणमांजरासारखा.

तीन वर्षांनी आला. ओठ फुटलेले, मिशी काढलेली.
म्हणाला, पाण्यात जाऊ.
कुठल्या?
आपल्याच.

आपलं पाणी म्हणजे दिवाळ्याची जेटी,
पौषातली पहाट,
धुकं इतकं खाली की बगळ्यांना पाय नव्हते.
पलीकडे उलव्याचे दिवे अर्धे विझलेले.
लाट अशी इथे कोणी पाहिलेली नाही.
इथलं पाणी चढतं, उतरतं,
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखं,
जिन्यात आवाज न करता.

फळी मी केली होती.
फ्रीझरची भिंत बदलली तेव्हा भंगारात निघालेलं पॅनल,
बाहेर पत्रा, आत पिवळा फोम.
पत्रा सोलला, करवतीने नाक गोल केलं,
गच्चीची गळती थांबवायचं उरलेलं रेझिन चोपडलं.
मोरेश्वरने कडांवरून अंगठा फिरवला,
सांधा तपासावा तसा.
म्हणाला, तिकडच्या फळ्यांच्या पोटातही हेच असतं.
अकरा वर्षं मी ह्या भिंतीच्या आत राबलो,
आज तिच्यावर पालथा पडणार होतो.

पाय घातला तर पाणी कोमट.
हवेपेक्षा कोमट!
मी मोठ्याने हसलो. तो हसला नाही.
कमरेइतक्या पाण्यात आला आणि थांबला.
तू चढ, म्हणाला, मी धरतो.
नायलॉनची दोरी, घरच्या वलणीची,
एक टोक माझ्या घोट्याला बांधलं,
दुसरं स्वतःच्या मनगटाला.

मग गाठ आवळता आवळता, माझ्याकडे न बघता,
गेल्या फेब्रुवारीचं सांगितलं.
एका लाटेने खाली ठेवलं होतं त्याला.
ठेवलं, असंच म्हणाला,
मी पोतं ठेवतो तसं.
वर कुठे आहे तेच कळेना.
मग पायाच्या दोरीला ओढ बसली.
फळी तरंगत होती,
म्हणजे वर तिकडे.
तेव्हापासून डोक्यावर तांब्या ओततानाही
डोळे उघडे ठेवतो.

यावर काय बोलायचं मला सुचलं नाही.
तिवरांत निवट्या उड्या मारत होत्या.

इतक्यात होडी आली,
चिंबोऱ्यांच्या फगांनी भरलेली,
इंजिनला जुना खोकला.
सुकाणूवरची म्हातारी ओरडली,
"यो कनाचा दरवाजा चोरलाव रं?"
आणि तिच्या पाठीमागून, शेपटासारखी,
लाट.
गुडघ्याइतकी. पण लाट.

मोरेश्वरने ढकललं.
मी उभा राहिलो.
किती वेळ?
मो-रे-श्व-र, एवढं हाकारायला लागतो तेवढा,
त्यातलंही मो-रे झालं
आणि खाडी तोंडात आली,
मीठ, डिझेल, कुजका पाला.
खाली गाळ, मऊ, बुडाला धरणारा.
टाचेत कालवं घुसलं.
खरं सांगतो, भीती वाटायला वेळच मिळाला नाही.
घोट्याला ओढ बसली,
मग काखेत हात आला.

वर आलो. थुंकलो.
दोघंही आता हसत होतो,
म्हातारी तर इंजिन बंद करून हसत होती.
मोरेश्वरचे केस चिंब होते.
कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाचे केस कसे भिजतात,
मी विचारलं नाही.

टाचेला रुमाल बांधून दुपारच्या पाळीला गेलो.
जाकीट, टोपी, हातमोजे.
दार लागलं तेव्हा दाढीत कुठेतरी
खाडीचं मीठ राहिलेलं जिभेला लागलं.
मोरेश्वर मंगळवारी परत गेला.
फळी जेटीवरच राहिली.
परवा बघितली,
तिच्यावर म्हातारीने जवळा वाळत घातलाय
आणि नाकावर मांजर बसलंय, राखायला की खायला,
सांगता येत नाही.